मला न मिळालेली चिठ्ठी

नागापुरे बाईंबद्दल चांगलं लिहायला मला अजूनही जड जातं. त्या चांगल्या होत्या यात वाद नाही; माझं दुखणं तिथंच आहे. वाईट माणसावर जळायला कष्ट पडत नाहीत. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे रोज नवं कारण शोधावं लागतं, आणि मी ते सहा वर्षं इमानेइतबारे शोधलं.

मी चंद्रपूरचा. नागपुरात खोली करून, खानावळीचं पाणचट वरण खाऊन इंग्रजीत एम.ए. केलं. मुलचेऱ्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा वाटलं, या जंगलपट्टीत इंग्रजीचे आता आपण एकटेच वाली. पहिल्याच दिवशी कळलं की ती जागा भरलेली आहे. नागापुरे बाई बी.ए., त्याही मराठी घेऊन. आठवीपर्यंतचं इंग्रजी त्यांच्याकडे आणि नववी-दहावीचं माझ्याकडे, अशी वाटणी होती. कागदावर मी वरचा होतो. पण गावात कुणालाही इंग्रजीतला कागद दाखवायचा असला की तो माझ्या टेबलाला वळसा घालून बाईंकडे जायचा.

बाई बुटक्या, सावळ्या, कायम सुती साडीत. स्कूटीवरून येत आणि स्कूटी लावल्यावर तिच्या सीटवर एक थाप मारत, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. वडील तलावात जाळं टाकणारे. डब्यात आठवड्यातून दोनदा तरी सुक्या झिंग्यांची चटणी असायची. मुख्याध्यापक भोयर सर माळकरी, त्या दिवशी ते खुर्ची खिडकीकडे सरकवून घेत, पण बाईंशी बोलणं काही थांबवत नसत. बाईंनी इंग्रजी कुठं मिळवलं याबद्दल शाळेत तीन मतं होती. कुणी म्हणे, धरणावरच्या एका इंजिनियरची बायको त्यांच्या घरची मच्छी घ्यायची, तिनं शिकवलं. कुणी म्हणे रेडिओ. कुणी म्हणे त्यांनी शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. मी काही विचारलं नाही. एम.ए. झालेल्या माणसानं बी.ए. मराठी झालेल्या बाईंना, तुम्ही इंग्रजी कुठं शिकलात हो, असं विचारायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

बाईंना चीड होती ती रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीची. कुणी उभं राहून 'मायसेल्फ अमुक अमुक' म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. 'कझिन ब्रदर', 'रिटर्न बॅक', 'काइंडली प्लीज', 'व्हॉट इज युवर गुड नेम', यांतलं काहीही कानावर आलं की चहा कडू लागल्यासारखा चेहरा व्हायचा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा कुणीतरी गेल्याची बातमी आली आणि पाच मिनिटांत तेरा जणांनी 'आरआयपी' टाकून टाकलं. बाईंनी फोन उलटा करून ठेवला. म्हणाल्या, "मानूस मेला, अन् यायले चार शब्द लिवाले टाइम नाई."

आता खरी गोष्ट सांगतो. या सगळ्या चिडी माझ्याही होत्या. अगदी याच. मी नागपुरात दोन वर्षं घासून त्या मिळवल्या होत्या, आणि चिडायचा पहिला मान माझा होता. पण मी चिडलो की लोक तोंड चुकवायचे. आमचे गणिताचे बिश्वास सर निर्वासितांच्या बंगाली वस्तीतले, भले माणूस. त्यांना मी एकदा 'डिस्कस अबाउट'वरून टोकलं तर आठ दिवस ते चहा घ्यायला दुसऱ्या कोपऱ्यात बसले. आणि बाई चिडल्या की त्याच बिश्वास सरांना आनंद व्हायचा.

त्याचं कारण चिठ्ठी. बाई चिडल्या तरी चुकणाऱ्याला तोंडावर काही बोलत नसत. चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि परत लावायच्या. हे सगळ्या शाळेला पाठ झालं होतं. बोलता बोलता बाईंचा हात चष्म्याकडे गेलेला दिसला की बोलणारा अडखळायचा आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी घुटमळायचा. मला वाटे, माफी मागत असेल. मग संध्याकाळपर्यंत त्याला चिठ्ठी मिळे. जुन्या प्रश्नपत्रिकांचे चार चार तुकडे करून बाईंनी पिशवीत ठेवलेले असत. कोऱ्या बाजूवर आधी तुमचं वाक्य, जसंच्या तसं. त्याखाली नीट केलेलं वाक्य. आणि सर्वांत खाली मराठीत एक शब्द: 'एवढंच.'

हा 'एवढंच' मला फार लागायचा. भोयर सरांनी आपल्या तीन चिठ्ठ्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवल्या होत्या, शेजारी विठोबाचा फोटो. बिश्वास सर पाकिटात बाळगायचे. शाळेच्या शिपायाकडेसुद्धा एक होती आणि ती त्यानं प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतली होती. आपली चूक कुणी दाखवली म्हणून ती मढवून घेणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

भोयर सरांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. जावई हैदराबादला कंपनीत, म्हणून त्याच्या साहेबलोकांसाठी पन्नास पत्रिका इंग्रजीत छापायच्या होत्या. छापखान्याचा कच्चा कागद घेऊन सर स्टाफरूममध्ये आले. मी खुर्ची मागे सरकवून, पेन काढून तयारीत बसलो. सर माझ्याकडे बघून हसले, 'काय म्हणता' म्हणाले, आणि सरळ बाईंकडे गेले. दोघांनी अर्धा तास त्या कागदावर घालवला. शेवटी पोरासोरांच्या नावानं असते ती ओळ उरली, आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं. सरांना ती इंग्रजीत हवी होती. बाईंनी ऐकलं नाही. ती तशीच मराठीत ठेवा म्हणाल्या, हैदराबादच्या साहेबाला नाही समजली तर तो कुणाला तरी विचारेल, आणि विचारलं की येईल. साहेब चौघे आले, बायकापोरांसकट. पत्रिकेवर बाईंचं नाव कुठं नव्हतं, पण मांडवात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मी ती पत्रिका घरी नेऊन तीनदा वाचली. एकही चूक सापडली नाही. बायकोला मात्र सांगितलं की जेवणात मीठ कमी होतं.

पुढं एका सव्वीस जानेवारीला तालुक्याचे एक साहेब झेंड्याला आले. समोर सगळी पोरं गोंडी नाहीतर बंगाली घरांतली आणि साहेबांनी भाषण ठोकलं इंग्रजीत. पहिल्याच मिनिटाला बाईंचा चष्मा निघाला. भाषण संपेपर्यंत तो तीनदा निघाला आणि साहेबांच्या ते लक्षात आलं. कार्यक्रम झाल्यावर त्यांचा शिपाई आमच्या व्हरांड्यात येऊन बाईंशी हळू आवाजात बोलला. मला वाटलं, चहाचं विचारतोय. बाईंनी पिशवीतून तुकडा काढला, लिहिला आणि त्याच्या हातात दिला. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं, आता यांची बदली पार टोकाला, सिरोंच्याला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या आनंदात मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. बाईंच्या समोर बसून अर्धा तास बोलले आणि निघताना मला म्हणाले, तुम्ही नशीबवान, अशा बाई शेजारी आहेत.

तोवर मला एका गोष्टीचा आधार होता. मला एकदाही चिठ्ठी आलेली नव्हती. माझं इंग्रजी निर्दोष होतं याचा तो पुरावा, असं मी धरून चाललो होतो. तो आधार बिश्वास सरांनी काढून घेतला. एकदा पाकीट उघडून ते आपल्या चिठ्ठ्या मोजत होते. अकरा भरल्या. माझ्याकडे बघून अगदी आपुलकीनं म्हणाले, "सर, आपको एक भी नहीं मिला?" त्या आवाजात कीव होती. त्या दिवसापासून मला चिठ्ठी हवी झाली. 

मग मी चुका करायला लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण केल्या. शिक्षकांच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणालो की मी हे रजिस्टर उद्या 'रिटर्न बॅक' करीन. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा निघाला, पुसला, लागला. शनिवारपर्यंत वाट पाहिली, डब्याच्या पिशवीत पाहिलं, हजेरीपटात पाहिलं. काही नाही. पुढच्या आठवड्यात मी एकाच वाक्यात 'मायसेल्फ', 'कझिन ब्रदर' आणि 'गुड नेम' असं सगळं कोंबलं. भोयर सरांनी दचकून माझी तब्येत विचारली. बाई चष्मा पुसतच राहिल्या, एवढा वेळ की काच झिजेल. संध्याकाळी स्कूटीच्या सीटवर थाप मारली आणि निघून गेल्या. चिठ्ठी नाहीच. शिपायाच्या लायकीचासुद्धा मी नाही, असा त्याचा अर्थ मी लावला आणि बाईंशी बोलणं तोडलं. त्यांना ते कळायला तीन आठवडे लागले असावेत, कारण आधीही मी फार बोलत नव्हतो.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मुंबईहून तिघे पाहुणे आले. त्यांची संस्था शाळांना संगणक देणार होती आणि त्यांना पोरांशी इंग्रजीत गप्पा मारायच्या होत्या. मी माझ्या नववीतल्या हुशार पोराकडून महिनाभर एक निबंध घोटून घेतला होता. त्यानं तो एका दमात म्हटला. पाहुण्या बाईंनी हसून त्याला निबंधाबाहेरचं काहीतरी विचारलं, घरी कोण कोण असतं असं, आणि पोरगं जे गप्प झालं ते गप्पच. तेवढ्यात आठवीच्या रांगेतून कुणी न सांगता सुनीता आत्राम उभी राहिली. आत जंगलातल्या गावची मुलगी. धडाधड बोलायला लागली. पाहुणे पुढं झुकून ऐकायला लागले, एक बाई तर चक्क तोंडावर हात ठेवून बसल्या.

मी चुका मोजत होतो. सात झाल्या तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. पाहुण्यांना वाटेल, या शाळेत इंग्रजीचा शिक्षकच नाही. मी उठलो, तिला हातानं थांबवलं आणि पहिल्या चुकीपासून सुरुवात केली. तिनं माझ्यामागून बरोबर वाक्य म्हटलं. दुसरंही म्हटलं. तिसऱ्याला ती काही बोलली नाही, खाली बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाईंकडे पाहिलं तर चष्मा हातात होता आणि त्या तो पुसतही नव्हत्या, नुसत्या धरून बसल्या होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान आज तरी आम्ही दोघं एका बाजूला आहोत.

उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भोयर सर रडले, बिश्वास सर रडले, शिपाई तर आत जाऊन तोंड धुऊन आला. मी चार मिनिटं शुद्ध इंग्रजीत बोललो. बाईंनी हात जोडले.

जूनमध्ये सुनीता माझ्या नववीत आली. वहीत सगळं नीट लिहायची. पण तोंड उघडायची नाही. हजेरीला बाकीची पोरं 'प्रेझेंट सर' म्हणायची, ही नुसता हात वर करायची. आधी मला तो उद्धटपणा वाटला. दिवाळीनंतर ते बघवेनासं झालं. तरीही मी बाईंच्या गावी गेलो तो सुनीतासाठी नाही. चिठ्ठीसाठी गेलो. बिश्वास सर सांगत होते की बाई आता लेकीकडे हैदराबादला कायमच्या जाणार, आणि माझ्या मनात आलं, की त्या गेल्या तर हे आयुष्यभर तसंच राहील.

गाव चामोर्शीच्या पुढं; निवृत्तीनंतर बाई तिथं राहत होत्या. एसटीनं गेलो. धानकापणी चालू होती, गावात माणूस दिसत नव्हतं. बाई घरापुढच्या सपरीत सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. पाणी दिलं, चटई टाकली. मी इकडचं तिकडचं बोललो, आणि मग ते एकदम तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, बाई, भोयर सरांना तीन, बिश्वासना अकरा, शिपायाला एक, साहेबालासुद्धा. सहा वर्षांत मला एक नाही. माझं एवढं काय वाईट होतं?

"तुमी मांगलीच नाई ना, सर."

"मागायची म्हणजे?" मी विचारलं.

"मांगल्याबिगर मी कोनालेच नाई देल्ली. भोयर सर स्वता येऊन विचारे, बाई, काय चुकलं. बिश्वास बी विचारे. त्या साहेबानं तं शिपाई धाडला होता. न विचारता कोनाच्या तोंडात हात कसा घालाचा?" डाळीतला खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "तुमची वाट पायली मी. त्या दिवशी मुद्दाम बोलले तुमी, मले समजलं. म्हनलं आता तरी येतेत. नाई आले."

 टेबलापाशी घुटमळणारी सगळी माणसं मला आठवली. मी म्हटलं, मग आता विचारतो. माझं काय चुकतं?

बाईंनी सूप एकदा हलवलं. मग म्हणाल्या, "ते पावने आले होते, तवा आपली सुनीता काय सांगून राह्यली होती?"

हे मला पाठ होतं. मी पहिल्या चुकीपासून सातव्या चुकीपर्यंत क्रमानं सगळं सांगितलं, कुठं काय हवं होतं तेही. बाईंनी मधे तोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "ते नाई, सर. सांगत काय होती?"

 सातही चुका डोळ्यांपुढे होत्या. मुलगी काय सांगत होती ते मला आठवेना. मोहफुलांचं काहीतरी होतं, एवढंच पुटपुटलो.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सुनीताचं सगळं बोलणं मला म्हणून दाखवलं. इंग्रजीत, तिच्याच इंग्रजीत. 'रिटर्न बॅक' ऐकलं की जिला चहा कडू लागायचा, ती बाई सातही चुका जागच्या जागी ठेवून, आवाजसुद्धा त्या पोरीचा काढून बोलत होती. सुनीताची आई पहाटे मोहफुलं वेचायला जाते. एक दिवस झाडाखाली तिच्या आधीच अस्वल येऊन खात होतं. पळायला जागा नव्हती. तेव्हा आई त्याला गोंडीत म्हणाली, दादा, तिकडचं तुझं, इकडचं माझं, घरी माझी लेकरं आहेत. आणि अस्वल खाली बसलं. इथवर आल्यावर बाई थांबल्या. इथंच मी हात वर करून तिला थांबवलं होतं.

"पुढं काय झालं?" मी विचारलं.

बाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. पण त्यांना माहीत होतं. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. सुनीतानं नंतर त्यांना गाठून सगळं सांगितलं असणार, अस्वल, आई, पुढचं सगळं. त्या क्षणी मी बाईंवर जेवढा जळलो तेवढा पत्रिकेच्या वेळी नाही, संत्र्यांच्या वेळी नाही, कधीच नाही. मी पुन्हा विचारलं.

"मले काऊन विचारता? पोरगी तुमच्याच वर्गात हाये."

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या बसला सोडायला सडकेपर्यंत आल्या आणि बस दिसल्यावर सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, कारण ती तिथं थांबत नसे. कंडक्टरनं आतून कटकट केली. बाईंनी त्याला मला कुठं उतरवायचं ते दोनदा बजावलं. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा त्या डोक्यावर पदर घेऊन धानाच्या बांधीच्या कडेनं परत निघाल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. महिन्याभरात त्या हैदराबादला गेल्या, परत भेट झाली नाही.

बसमध्ये मी सुनीताला विचारायचा प्रश्न जुळवत बसलो. इंग्रजीत तीनदा जुळवला. तिन्ही वेळा शुद्ध होता आणि तिन्ही वेळा परीक्षेतल्यासारखा वाटला. मग मराठीत जुळवून पाहिला, तोही तसाच निघाला. आष्टी गेलं, नदीवरचा पूल गेला, तरी तो मला साधेना. सात वर्षं मी त्या शाळेत दिवसभर प्रश्नच विचारत आलो होतो, पण ज्याचं उत्तर मला आधीच माहीत नाही, असा त्यात एकही नव्हता.